अज्ञानाची सही

कलकत्त्याच्या धर्मदास घोष नांवाच्या तरुणानें १८९५ सालच्या जुलै महिन्याच्या २० तारखेस एका गहाणखतावर सही केली. गहाण टाकलेली मिळकत म्हणजे त्याच्या मालकीचीं कांहीं घरें. खतांतील रक्कम २०,००० रुपये. व्याज दरसाल शेंकडा १२. सावकार ब्रह्मो दत्त हा त्या वेळीं कलकत्त्यांत नव्हता. त्याच्या वतीनें सारा व्यवहार केदारनाथ मित्तर या ॲटर्नीनें पाहिला, आणि पैसे सावकाराचा तेथील कारभारी देदराज यानें पुरविले. प्रत्यक्षांत पैसे किती दिले गेले याविषयीं पुढें वाद झालाच. अशीं गहाणखतें त्या व्यापारी शहरांत नित्याचींच होतीं. परंतु या एका खतामुळें हिंदुस्थानांतील करारांच्या कायद्याला जें वळण लागलें तें आजतागायत कायम आहे. अज्ञानानें केलेला करार त्याच्यावर बंधनकारक आहे काय, या प्रश्नाचें उत्तर देतांना वकील अजूनहि याच खटल्यापासून आरंभ करतात.

खत होण्यापूर्वीं पांच दिवस, १५ जुलैस, मित्तर याला एक पत्र लिहिलें गेलें होतें. धर्मदासाच्या मातोश्रींना हायकोर्टानें त्याच्या शरीराचें व मिळकतीचें पालकत्व दिलेलें होतें. त्यांच्या सूचनेवरून दुसऱ्या एका ॲटर्नीनें कळविलें होतें कीं, मुलगा अद्यापि २१ वर्षांचा झालेला नाहीं. त्याला जो कोणी पैसे देईल त्यानें ते स्वतःच्या जोखमीवर द्यावे. हें पत्र आपणांस मिळाल्याचें मित्तर यानें साफ नाकारलें. न्यायालयाला तें पटलें नाहीं. खताच्याच दिवशीं त्यानें धर्मदासाकडून एक लांबलचक निवेदन सही करून घेतलें होतें: आपण १७ जूनला सज्ञान झालों, आणि या आपल्या आश्वासनावर विसंबूनच सावकार पैसे देत आहे. ज्याच्या वयाविषयीं मनांत शंकाच नाहीं त्याच्याकडून असला कागद लिहून घेण्याची यातायात कोण करील?

१० सप्टेंबर रोजीं मातोश्रींनीं मुलाच्या वतीनें दावा गुदरला. खत झालें तेव्हां मुलगा अज्ञान होता, म्हणून तें निरर्थक ठरवावें व रद्द करावें, एवढीच मागणी. न्यायमूर्ति लॉरेन्स जेन्किन्स, जे पुढें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, त्यांनीं ती मान्य केली. अपिलांतहि तोच निकाल कायम झाला. मध्यंतरीं ब्रह्मो दत्त मरण पावला. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनीं प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढें नेलें, आणि त्यांच्यांतील मोहोरी बीबी हिचें नांव या खटल्याला कायमचें चिकटलें. ज्या व्यवहारांत तिचा हात नव्हता त्यानें तिला कायद्याच्या विद्यार्थ्यांत अमर करून ठेवावें, हीहि एक मौजच!

सावकाराच्या बाजूचें म्हणणें पोकळ नव्हतें. अज्ञानाचा करार मुळांतच शून्य असतो, कीं अज्ञानाच्या इच्छेनुसार रद्द करण्याजोगा असतो, हा खरा वाद. तोंपर्यंत हिंदुस्थानांतील न्यायालयांचा कल बहुधा दुसऱ्या मताकडे होता. तें मत धरल्यास, मुलानें करार मोडावा खुशाल, पण घेतलेले पैसेहि परत करावे, असें म्हणतां येतें. शिवाय ज्यानें वयाविषयीं लेखी ग्वाही दिली त्याला आतां उलट बोलण्याची मुभा कां असावी?

१९०३ सालच्या मार्चमध्यें सर फोर्ड नॉर्थ यांनीं प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय वाचला. त्याची सारी मदार १८७२ च्या कायद्याच्या साध्या वाचनावर आहे. कलम १० म्हणतें कीं, करार होण्यास पक्षकार समर्थ असले पाहिजेत. कलम ११ सांगतें कीं, समर्थ तो जो सज्ञान आहे. मग जो सज्ञान नाहीं त्याच्याकडून करार होतच नाहीं. जो झालाच नाहीं तो रद्द काय करावयाचा? आणि पैसे परत करण्याचीं कलमें समर्थ माणसांमधील करारांना उद्देशून आहेत, तीं येथें लागूच नाहींत. लेखी ग्वाहीचा मुद्दा तर एका वाक्यांत निकालांत निघाला: ज्याला सत्य ठाऊक होतें त्याची फसवणूक झाली असें म्हणतां येत नाहीं, आणि मुखत्याराला जें ठाऊक तें धन्यालाहि ठाऊक. न्यायालयाला आपल्या विवेकानें पैसे परत देववितां आले असते. पण जाणूनबुजून कर्ज देणाऱ्यासाठीं तो विवेक वापरण्याचें कारण प्रिव्ही कौन्सिललाहि दिसलें नाहीं. मातोश्रींचें पत्र असें फळास आलें.

तथापि या निकालांत एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. धर्मदास कोणी पोरसवदा मुलगा नव्हता. तो त्याच सप्टेंबरांत २१ वर्षांचा व्हावयाचा होता. जुन्या हिंदु धर्मशास्त्राच्या हिशेबानें तर सोळाव्या वर्षाच्या आसपासच माणूस व्यवहारास योग्य होई. १८७५ च्या कायद्यानें सर्वसाधारण मर्यादा १८ वर्षांची ठरविली, पण ज्याच्यावर न्यायालयानें पालक नेमला आहे त्याच्यासाठीं ती २१ केली. म्हणजे मातोश्रींनीं हायकोर्टाकडून पालकत्व घेतलें नसतें, तर तीच सही, तोच कागद, तीच घरें. आणि खत पक्कें!

कायदा अज्ञानाला अगदींच वाऱ्यावर सोडतो असेंहि नाहीं. अन्न, वस्त्र, शिक्षण अशा त्याच्या स्थितीस अवश्य गोष्टी कोणी पुरविल्या तर त्याची किंमत त्याच्या मिळकतींतून मिळते, त्याच्या अंगावर मात्र येत नाहीं. अवश्य कोणतें, याचा वाद मोठा गमतीचा आहे. १९०८ साली इंग्लंडमध्यें लंडनच्या एका शिंप्यानें केंब्रिजच्या एका विद्यार्थ्यावर कपड्यांचें बिल मागितलें; त्यांत नक्षीदार वास्कुटें ११ होतीं. मुलाजवळ कपडे आधींच मुबलक होते, तेव्हां शिंप्याला रिकाम्या हातीं परतावें लागलें.

खरी अडचण निराळीच. जी सही शून्य तिच्यावर अज्ञानानें स्वतः हक्क सांगावयाचा तरी कसा? मद्रास हायकोर्टानें १९१६ साली तोड काढली: अज्ञानानें आपले पैसे देऊन गहाणखत करून घेतलें असेल, आणि त्याच्याकडून करावयाचें कांहीं उरलें नसेल, तर तें खत त्याच्या लाभासाठीं चालेल. पण अज्ञानाला पुढें कांहीं करावयाचें असेल तर? १९४९ साली प्रसिद्ध झालेला मुंबई हायकोर्टाचा एक निकाल या प्रश्नाला निष्ठुरपणें उत्तर देतो. एका अल्पवयीन मुलीला बोलपटांत भूमिका देण्याचा करार निर्मात्यानें तिच्या वडिलांशीं केला. पुढें ती भूमिका दुसरीला दिली. मुलीनें नुकसानभरपाई मागितली. न्यायालयानें म्हटलें, करार मुलीशीं असेल तर ती अज्ञान, म्हणून तो शून्य. वडिलांशीं असेल तर त्याला मोबदला नाहीं, कारण काम करण्याचें मुलीचें वचन कोणावरच बंधनकारक नाहीं. मुलीच्या रक्षणासाठीं असलेल्या नियमानें येथें निर्मात्याचें रक्षण केलें. नियम तोच, ढाल मात्र दुसऱ्याच्या हातीं गेली. याच हायकोर्टानें १९२४ मध्यें, बापानें मुलीच्या वतीनें केलेला विवाहाचा करार मोडणाऱ्याविरुद्ध मुलीला दाद मागूं दिली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे विसंगति अधिकच डोळ्यांत भरते.

सज्ञान झाल्यावर जुन्या सहीला दुजोरा देऊनहि भागत नाहीं. शून्याला दुजोरा देतां येत नाहीं. नवा मोबदला घेऊन नवाच करार करावा लागतो.

राहतां राहिला तो लबाड अज्ञान, जो वय लपवून पैसे घेतो आणि मग अज्ञानाची सबब पुढें करतो. १९२८ साली लाहोर हायकोर्टापुढें असा एक इसम आला. जमीन विकण्याचें कबूल करून त्यानें पैसे घेतले आणि ताबा देण्याचें नाकारलें. मुख्य न्यायाधीश सर शादीलाल यांनीं बहुमताच्या निर्णयांत म्हटलें कीं, करार अमलांत आणणें वेगळें आणि फसवून नेलेलें परत करविणें वेगळें; पैसे परत करावेच लागतील. इंग्लंडमध्यें १९१४ सालीच उलट निर्णय झाला होता: खर्च झालेले रोख पैसे मागणें म्हणजे मागल्या दारानें करारच अमलांत आणणें. अलाहाबादच्या पूर्णपीठानें १९३७ साली हीच इंग्लिश वाट धरली. म्हणजे एकच लबाडी लाहोरांत महाग, अलाहाबादेंत फुकट! स्वराज्यानंतर लॉ कमिशननें शादीलाल यांच्या मताला पसंती दिली, आणि १९६३ च्या विशिष्ट साहाय्याच्या कायद्याच्या ३३ व्या कलमांत तें बसविलें गेलें. त्या कलमान्वयें प्रतिवादी अज्ञान असला तरी, त्या व्यवहारांतून त्याला किंवा त्याच्या मिळकतीला जेवढा लाभ प्रत्यक्ष झाला असेल तेवढा परत करण्यास न्यायालय त्याला सांगूं शकतें.

पालक नेमलेल्यांसाठीं असलेली २१ वर्षांची वेगळी मर्यादा १९९९ साली काढून टाकण्यांत आली. आतां सर्वांना एकच वय, १८. त्या हिशेबानें २० जुलै १८९५ रोजीं सही करणारा धर्मदास घोष सुमारें पावणेतीन वर्षांपूर्वींच सज्ञान झालेला होता.