छातीची भिंत आणि कामगाराचा हिशेब

१५ ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात आग लागली. तेथे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियमचे भाग घडवीत. धुराबरोबर प्लुटोनियमचे कण कामगारांच्या छातीत उतरले. २५ जणांच्या फुप्फुसांत मान्य मर्यादेपेक्षा अधिक भार आढळला. पण 'आढळला' हा शब्द दिसतो तितका सरळ नाही.

प्लुटोनियमचे अल्फाकण मांसात केसाच्या जाडीइतकेही जात नाहीत. इजा आत होते. बाहेर त्यांचा पत्ता लागत नाही. बाहेर येतात ते सोबतचे दुबळे क्ष-किरण, सुमारे १७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. छातीवर पातळ स्फटिक धरून तेच मोजायचे. आणि येथे शरीर आड येते. दर ६ मिलिमीटर मांसामागे हे किरण सुमारे निम्मे होतात. छातीची भिंत २४ मिलिमीटर असली तर सोळावा हिस्सा बाहेर पडतो, ३६ असली तर चौसष्टावा. सडपातळ माणसाचे कोष्टक धिप्पाडाला लावले, की त्याचा भार खऱ्याच्या चतुर्थांश दिसणार! वेतनाच्या वाटाघाटींत 'सरासरी कामगार' आम्हांला पुष्कळदा भेटला आहे; त्याचे पोट आमच्या माणसांपेक्षा नेहमी लहान असे. येथेही गृहस्थ तोच.

बरे, नुसते वजन करूनही भागत नाही. चरबी हे किरण स्नायूपेक्षा कमी अडविते. म्हणून श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजू लागले. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेने मानवी धडाचा पुतळा घडविला. त्याची फुप्फुसे बदलता येत, आणि छातीवर स्नायू-चरबीच्या निरनिराळ्या प्रमाणांचे थर चढविता येत. पुढे जपानने आशियाई बांध्याचा पुतळा केला; ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तो वापरात आला.

प्लुटोनियमसोबत अमेरिशियम असते. त्याचे ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण निम्मे व्हायला सुमारे ३४ मिलिमीटर मांस लागते, त्यामुळे चूक पुष्कळ घटते. मात्र दोहोंचे प्रमाण ठाऊक हवे, आणि माल जुना होईल तसे तेही पालटते.

२००० साली अमेरिकेत अशा कामगारांसाठी भरपाईचा कायदा झाला. कर्करोग कामामुळेच झाल्याची शक्यता निम्मी तरी ठरली पाहिजे, असा त्यात दंडक आहे. पण ती शक्यता मोजताना अनिश्चिततेची वरची, ९९ टक्क्यांची कड धरतात, म्हणजे मोजणीतील संशयाचा फायदा कामगाराकडे जातो. हे कलम आम्ही दोनदा वाचले.