बाळाची चिकटवही : कौटुंबिक स्मृतीच्या नोंदीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

माणसाला स्वतःच्या आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षे सहसा आठवत नाहीत. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली या विस्मरणाची विशेष चर्चा केली. त्यांनी दिलेले कारण पुढील मानसशास्त्रज्ञांनी फारसे स्वीकारले नाही. परंतु वस्तुस्थिती मात्र सर्वमान्य झाली. याचा अर्थ असा की, प्रत्येक व्यक्तीच्या चरित्राचे पहिले प्रकरण हे दुसऱ्याच्या साक्षीवर अवलंबून असते. ती साक्ष बहुधा आईची असते. पाश्चात्त्य समाजात गेल्या दीडशे वर्षांत ही साक्ष कागदावर उतरविण्याची एक पद्धत रूढ झाली. छायाचित्रे, जावळाचे केस, पहिल्या शब्दांची नोंद, वाढदिवसाची शुभेच्छापत्रे इत्यादी एका वहीत चिकटवून जतन करण्याची ही पद्धत होय. इतिहासाच्या अभ्यासकांनी ही चिकटवही दीर्घकाळ बायकी करमणूक म्हणून बाजूला ठेवली. प्रस्तुत लेखात इंग्लंड व अमेरिका येथील या परंपरेचा मागोवा घेऊन, ऐतिहासिक साधन म्हणून तिचे मोल व तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वडिलांची नोंदवही : शास्त्रीय निरीक्षणाचा प्रवाह

मुलाच्या वाढीची पद्धतशीर नोंद ठेवण्याची सुरुवात घरात नव्हे, तर अभ्यासिकेत झाल्याचे दिसते. जर्मन तत्त्वचिंतक डीट्रिख टीडेमान यांनी आपल्या मुलाविषयीची निरीक्षणे १७८७ साली प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन यांचा थोरला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मला. त्याच्या जन्मापासून डार्विन यांनी त्याचे शिंकणे, दचकणे, हसणे, रागावणे यांची टिपणे ठेवली. ही टिपणे सुमारे सदतीस वर्षांनी, १८७७ साली 'माइंड' या नियतकालिकात लेखरूपाने प्रसिद्ध झाली. १८८२ साली विल्हेल्म प्रायर यांचा बालमनाविषयीचा ग्रंथ प्रकाशित झाला आणि बालनिरीक्षणाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. डार्विन यांच्या मुलांविषयीच्या टिपणवहीत काही नोंदी त्यांच्या पत्नी एमा यांच्या हस्ताक्षरातील आहेत. लेख मात्र एकट्या वडिलांच्या नावे प्रसिद्ध झाला. शास्त्रीय नोंद आणि मातेची नोंद ही दोन्ही एकाच वहीत नांदत होती. त्यांची फारकत पुढे छापखान्यात झाली.

याच डार्विन कुटुंबातील दुसरे उदाहरण अधिक हृद्य आहे. त्यांची कन्या ॲनी २३ एप्रिल १८५१ रोजी वयाच्या दहाव्या वर्षी मरण पावली. त्यानंतर आठवड्याभरात डार्विन यांनी तिच्या स्वभावाचे, हालचालींचे व सवयींचे वर्णन लिहून ठेवले; पुढील काळात तिची आठवण अधिक स्पष्ट राहावी, हा त्यामागील हेतू होता. १८४९ साली काढलेले तिचे एक डॅगेरोटाइप छायाचित्र कुटुंबाजवळ होते. एमा यांनी ॲनीची लिहिण्याच्या साहित्याची पेटी जपून ठेवली आणि ती पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. बालमृत्यू ही घरोघरची घटना असलेल्या त्या काळात स्मृतिवस्तू जपणे हा केवळ छंद नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

नोंदीचा आणखी एक प्रवाह तपासण्याजोगा आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली 'युजेनिक्स' (सुप्रजननशास्त्र) ही संज्ञा प्रचारात आणली आणि १८८४ साली त्यांच्या संपादनाखाली मुलाच्या जन्मापासूनची जीवननोंद ठेवण्यासाठी एक छापील नोंदवही प्रसिद्ध झाली. उंची, वजन, आजार व आनुवंशिक वैशिष्ट्ये यांसाठी तीत रकाने होते. बाळाच्या वहीतील वजनाचा निरागस वाटणारा तक्ता अशा रीतीने माणसांची प्रतवारी करू पाहणाऱ्या विचाराशीही जोडला गेला होता.

आईची चिकटवही : बाजारपेठ आणि तंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली. फुले, देवदूत, प्राणी यांची कापून तयार केलेली रंगीत चित्रे मोठ्या प्रमाणावर विक्रीस येऊ लागली व ती चिकटविण्याच्या वह्या मध्यमवर्गीय घरांत दिसू लागल्या. वृत्तपत्रांची कात्रणे जपण्याची सवयही याच काळात फोफावली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली स्वयंचिकट चिकटवहीचे एकस्व मिळविले. वहीच्या पानांवर आधीच डिंक लावलेला असे. पान ओले केले की कात्रण चिकटत असे. १८८० साली ई. डब्ल्यू. गर्ली यांचे चिकटवह्या कशा कराव्यात यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

छायाचित्रणातील बदल याहून निर्णायक ठरला. १८८८ साली बाजारात आलेल्या कोडॅक कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० साली आलेला 'ब्राउनी' कॅमेरा अवघ्या १ डॉलरला मिळू लागला. स्टुडिओत ताठ बसविलेल्या मुलाऐवजी अंगणात रांगणारे मूल आता छायाचित्रात येऊ लागले. त्याच वर्षी मिलिसेंट शिन यांचे आपल्या भाचीच्या पहिल्या वर्षावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. घरातील स्त्रीचे निरीक्षण हेही ज्ञान असू शकते, हा त्याचा गाभा होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पहिला दात, पहिले पाऊल, पहिला शब्द असे मथळे असलेल्या छापील बाळवह्या अमेरिकेत सर्रास मिळू लागल्या. मथळे छापलेले असल्याने आईचे काम सोपे झाले. परंतु काय आठवणीत ठेवावे, हेही त्यांतून ठरू लागले.

युटातील पुनरुज्जीवन

विसाव्या शतकाच्या अखेरीस या परंपरेला नवे वळण मिळाले. ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स' या १९७६ सालच्या पुस्तकाने अमेरिकेत वंशेतिहासाची ओढ वाढविली. युटा राज्यातील मॉर्मन समाजात पूर्वजांची नोंद ठेवणे हे धार्मिक कर्तव्य मानले जाते. तेथील वंशावळी संस्थेची स्थापना १८९४ सालची आहे. १९८० साली सॉल्ट लेक सिटी येथे भरलेल्या जागतिक अभिलेख परिषदेत मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या स्मरणवह्या मांडल्या. पुढे त्यांनी युटातच चिकटवहीच्या साहित्याचे दुकान काढले. १९९० च्या दशकात हा छंद मोठ्या उद्योगात रूपांतरित झाला.

या चळवळीने एक महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न घरोघरी पोहोचविला : कागद टिकतो किती? लाकडाच्या लगद्याच्या कागदातील लिग्निन व निर्मितीत वापरलेली तुरटी यांमुळे कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो. १९७० च्या दशकात लोकप्रिय असलेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये डिंक व प्लॅस्टिकचे आवरण यांमुळे छायाचित्रे खराब झाली. आम्लविरहित कागदाची जी चर्चा एरवी ग्रंथपाल व अभिलेखपाल यांच्यापुरती होती, ती सामान्य गृहिणींमध्ये होऊ लागली. टिकाऊ कागदासाठीचे आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ सालचे आहे, हेही येथे नोंदविणे उचित ठरेल.

साधन म्हणून मूल्यमापन

इतिहासाच्या दृष्टीने चिकटवहीत तीन दोष संभवतात. एक, तीत निवड असते. आनंदाचे प्रसंग येतात, भांडणे, दारिद्र्य व आजारपण बहुधा गाळले जाते. दोन, ती वर्गबद्ध असते; वही, कॅमेरा व फुरसत ज्यांच्याकडे होती त्यांचीच बालपणे नोंदली गेली. मोलकरणीच्या कडेवरील मूल छायाचित्रात दिसते, पण तिच्या स्वतःच्या मुलाचे छायाचित्र क्वचितच सापडते. तीन, थोरल्या मुलाची वही भरलेली आणि धाकट्याची अर्धी रिकामी, हा अनुभव अनेक घरांतील आहे. तथापि रिकामी पानेही बोलकी असतात. नोंदी कोठे थांबल्या, हस्ताक्षर कोठे बदलले, याचे वाचन काळजीपूर्वक केल्यास आईवरील कामाचा भार, स्थलांतर किंवा मृत्यू यांचे धागे हाती लागू शकतात.

आजचा प्रश्न मात्र वेगळा आहे. स्मार्टफोनमुळे छायाचित्रे विपुल झाली आणि वहीतील खाजगी नोंद समाजमाध्यमांवर सार्वजनिक झाली. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १६ ने मुलाच्या खाजगीपणाचा अधिकार मान्य केला. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. फ्रान्सने २०२४ साली कायदा करून मुलांच्या प्रतिमेचे रक्षण ही पालकांची जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले. कपाटातील वही मूल मोठे झाल्यावर त्याच्या हाती देता येत होती. नको असलेले पान त्याला फाडताही येत होते. सर्वदूर पसरलेल्या चित्राबाबत ही मुभा उरत नाही.

समारोप

महाराष्ट्रात मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवीची पूजा करताना कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल आहे. त्या कागदावर सटवी बाळाचे भविष्य लिहिते, अशी श्रद्धा आहे. पाश्चात्त्य चिकटवहीत आई बाळाचा भूतकाळ लिहिते. दोन्ही ठिकाणी लेखणी बाळाच्या हाती नसते. म्हणूनच ही नोंद ठेवणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते : जे घडले ते टिकेल अशा रीतीने जपणे, आणि ज्याचे ते आहे त्याच्या स्वाधीन करता येईल अशा रीतीने जपणे. इतिहासाच्या अभ्यासकांनी या वह्यांकडे गांभीर्याने पाहिले, तर ज्यांनी कधी आत्मचरित्र लिहिले नाही अशा असंख्य स्त्रियांचे लेखनही त्यांत आढळेल.