खंदकातील श्रद्धा आणि अश्रद्धा

ज्युबिलीचा प्रसंग हा ईश्वराचे उपकार आठवण्याचा, तसाच आपल्या श्रद्धेचे नाणे वाजवून पाहण्याचाही असतो. देवळाची घंटा ऐकत व सणवार पाळीत जी श्रद्धा वाढते, ती मृत्यूच्या समोर टिकते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीकडे नेऊ इच्छितो.

“खंदकात नास्तिक आढळत नाही,” अशी एक म्हण इंग्रजीत रूढ आहे. १९४२ साली फिलिपीन्समधील बाताआनच्या लढाईत फादर विल्यम कमिंग्ज या मिशनरी धर्मगुरूंनी ती उच्चारली असे पुष्कळदा सांगतात. परंतु इतरही अनेकांच्या नावावर ती घातली जाते. ही म्हण आपल्या कानांस गोड लागते. तथापि ती कितपत खरी आहे हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. कारण सत्य सोडून धर्माचे मंडन करणे धर्मासच शोभत नाही.

प्रथम श्रद्धेची बाजू पाहू. ८ मे १९१५ च्या संध्याकाळी फ्रान्समधील रू द्यू ब्वा या रस्त्यावर रॉयल मन्स्टर फ्युझिलियर्स ही आयरिश पलटण क्षणभर थांबली. फादर फ्रान्सिस ग्लीसन यांनी तेथे सर्व जवानांना सामुदायिक पापक्षमा दिली. दुसऱ्या दिवशी ऑबेर्स रिजच्या हल्ल्यात त्यांतील कित्येकजण पडले. त्याच हल्ल्यात हिंदी सैन्याची मेरठ डिव्हिजनही लढत होती, हे आपण विसरता कामा नये. चित्रकार मातानिया यांनी तो पापक्षमेचा प्रसंग पुढे आपल्या चित्रात रेखाटला.

फादर विल्यम डॉयल हे येशूसंघीय धर्मगुरू आयरिश सैनिकांबरोबर चिखलात व विषारी वायूत राहिले. १६ ऑगस्ट १९१७ रोजी ईप्रच्या रणक्षेत्रात ते कामास आले. त्यांचा देह कधीच सापडला नाही. फ्रान्समध्ये तर १९०५ च्या कायद्याने राज्य व ख्रिस्तसभा यांची फारकत झाली होती, आणि धर्मगुरूंनाही लष्करी सेवेतून सूट नव्हती. ३०,००० हून अधिक धर्मगुरू, संन्यस्त व सेमिनरीचे विद्यार्थी सैन्यात गेले. ४,००० हून अधिक परत आले नाहीत. पुढे विख्यात झालेले विचारवंत फादर तेयार द शार्दँ हे त्या युद्धात जखमींची डोली वाहणारे साधे शिपाई होते. ज्या फ्रेंच तरुणास पाद्री हा शत्रू वाटे, त्याने त्यास आपल्याच शेजारी भिजताना व मरताना पाहिले. १९२१ साली फ्रान्स व परमपीठ यांचे तुटलेले संबंध पुन्हा जुळले, त्यामागे या सहवासाचाही वाटा होता असे आम्ही मानतो.

आता दुसरी बाजू. १९१९ साली इंग्लंडमध्ये सैन्य व धर्म यांविषयी एका चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष ख्रिस्ती माणसास अंतर्मुख करणारा होता: बहुतेक ब्रिटिश सैनिक कसल्यातरी ईश्वरास मानीत, संकटात त्याचा धावाही करीत, परंतु ख्रिस्ताची ओळख त्यांस फारच थोडी होती. ज्या गोळीवर आपले नाव असेल तीच आपणांस लागेल, असा दैववाद अनेकांच्या मनी होता. इंग्लिश लेखक रॉबर्ट ग्रेव्हज १९१६ मध्ये इतके घायाळ झाले की त्यांच्या मृत्यूची वार्ता घरी गेली. १९२९ साली आपल्या आठवणींत त्यांनी लिहिले की खरी धर्मभावना खंदकात क्वचितच दिसे. मात्र मरणाऱ्यांजवळ जाणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंविषयी त्यांनीही आदराने लिहिले आहे. सारांश, खंदकात नास्तिक होते, आणि त्यांच्यातही शूर व परोपकारी पुरुष होते. हे नाकारणे म्हणजे त्यांच्या कबरीवर अन्याय करणे होय.

मग भयाने केलेली प्रार्थना व्यर्थ काय? तसे नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली शिकविले की नरकाच्या भयातून उपजलेला अपूर्ण पश्चात्तापही, पापाचा त्याग व क्षमेची आशा त्यात असल्यास, ईश्वराचे दान आहे व तो माणसास कुमसाराच्या संस्काराकडे नेतो. भय हे दार आहे. मात्र दारातच बसून राहणारा घरात आला असे होत नाही. संत इग्नाती लोयोलाकर यांचे उदाहरण पाहा. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. परंतु त्यांचे मन पालटले ते पुढे, लोयोलाच्या घरी महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचताना. ते ग्रंथ त्या घरी नसते तर?

आमच्या मते सारा बोध येथेच आहे. रणभूमी श्रद्धा निर्माण करीत नाही. घराने, शाळेने व धर्मग्रामाने जे आधी पेरले, तेच ती उघडे करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले की अश्रद्धेच्या वाढीस श्रद्धावंतांचे दोषही पुष्कळदा कारण होतात. तेव्हा नास्तिकाकडे बोट दाखविण्यापूर्वी, आपल्या मुलांना आपण ख्रिस्ताची ओळख करून दिली की केवळ नाव दिले, हे प्रत्येक आईबापांनी व आम्हां धर्मगुरूंनीही स्वतःस विचारावे.

दर २ नोव्हेंबरला धर्मगुरू मृतांसाठी तीन मिस्सा अर्पण करू शकतात, ही मुभा पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १० ऑगस्ट १९१५ रोजी, युद्धाच्या ऐन वणव्यात, सर्व ख्रिस्तसभेस दिली. त्यांतील एक मिस्सा सर्व मृत भाविकांसाठी असते. त्या दिवशी आपल्या आप्तांबरोबर त्या खंदकांतील अनामिकांचेही, ज्यांनी प्रार्थना केली त्यांचे व ज्यांच्या ओठी ती आली नाही त्यांचेही, स्मरण करावे. अंतःकरण जाणणारा एकटा ईश्वरच आहे. त्याची दया आपणां सर्वांवर असो.