सांध्यांपासून हृदयापर्यंत

बिबवेवाडीतल्या एखाद्या घरात आईची बोटे सकाळी तासभर वळेनाशी झाली, की कुणीतरी धीर देते, ‘वातच आहे, त्याने कुणी दगावत नाही.’ हा दिलासा मायेचा, पण अपुरा. तो अपुरा का, हे समजून घ्यायला आपण सुमारे तेराशे वर्षे मागे जाऊ. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरांनी ‘माधवनिदान’ रचले आणि आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. बळावलेल्या आमवाताच्या लक्षणांत त्यांनी ‘हृद्ग्रह’ही (हृदय जखडल्यासारखे वाटणे) नोंदवला आणि तिन्ही दोष एकत्र येऊन सूज सर्वांगी पसरली, तर रोग कष्टसाध्य, असेही बजावले.

पुढे १८०० साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे यांनी आपल्या प्रबंधात आमवाताशी मिळत्याजुळत्या विकाराचे वर्णन केले आणि १८५९ मध्ये लंडनच्या गॅरॉड यांनी त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. तरीही त्याने आयुष्य किती घटते, हा हिशेब मागेच राहिला. १९५३ मध्ये सिडनी कॉब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तो मांडला, तेव्हा या रुग्णांतले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. साथींच्या आणि बालमृत्यूंच्या गर्दीत सांध्यांच्या रोगाने हिरावलेली वर्षे कोण मोजणार? निदान सांधेदुखीच्या रुग्णांची मोजदाद तरी १९९६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला पोहोचली. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली.

दरम्यान औषधही घडत होते. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूच्या संशोधनातून कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट आले. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या संधिवातासाठीही मान्यता मिळाली. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १,२४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे औषध घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला, आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंतली घट त्याहून मोठी होती. सांध्यांतला दाह रक्तवाहिन्यांनाही पोखरतो, म्हणून तो शमला की हृदयालाही उसंत मिळते.

आज या रुग्णांच्या आणि इतरांच्या आयुर्मानातली तफावत घटली आहे, मिटलेली नाही. हृदयविकार, जंतुसंसर्ग आणि फुप्फुसांचे आजार अजूनही तिचे प्रमुख वाटेकरी आहेत. म्हणून बोटे आखडू लागताच संधिवाततज्ज्ञांना गाठा, गोळ्या मनाने बंद करू नका, मिश्री आणि तंबाखू सोडा, रक्तदाब व साखर तपासत राहा. आईची बोटे दुखत असतील, तर तिच्या हृदयाचीही विचारपूस करा.