गोरेगावची पाणीवाली बाई

कोन गावातून आम्ही साऱ्याजणी बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

मध्यंतरी बचत गटाची बैठक संपली, हप्त्यांची वही मिटली, आणि एकीने प्रश्न काढला. पुढच्या निवडणुकीत तिच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव होईल, असं ती ऐकून होती. घरचे म्हणत होते, उभी राहा. ती आम्हाला म्हणाली, "उभी राहीन. पण निवडून आल्यावर करायचं काय? दाखवतील तिथे सह्याच ना?"

आम्ही हसलो. नंतर लक्षात आलं, याचं नीट उत्तर आमच्यातल्या एकीकडेही नव्हतं. म्हणून आज तिच्यासाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी एका नगरसेविकेची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव मृणाल गोरे. लोक तिला पाणीवाली बाई म्हणायचे.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरच्या त्या मोहिले. हुशार होत्या, डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. पण राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात ओढल्या गेल्या आणि वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडलं. चळवळीतच भेटलेल्या केशव गोरे यांच्याशी १९४८ साली लग्न केलं. लग्न आंतरजातीय. दोघांनी संसार मांडला गोरेगावात.

आता गोरेगाव म्हटलं की आपल्याला उंच इमारती आणि गर्दीच्या लोकल आठवतात. तेव्हाचं गोरेगाव तसं नव्हतं. ते मुंबईबाहेरचं गाव होतं, तिथे ग्रामपंचायत होती. आपल्याकडे आहे तशीच. मृणालताईंनी तिथे महिला मंडळाचं काम केलं, कुटुंब नियोजनासारखा विषय बायकांपर्यंत नेला. तो विषय तेव्हा चारचौघीत बोलायलाही अवघड. ग्रामपंचायतीतही त्या निवडून गेल्या. म्हणजे या बाईंची सुरुवात मुंबईच्या मोठ्या सभागृहात झाली नाही. गावच्या पंचायतीत झाली, बायकांच्या मंडळात झाली.

मग १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली. दहिसर-मुलुंडपर्यंतची गावं शहरात घेतली गेली. त्यात गोरेगाव आलं. गावाचं शहर झालं, पण कागदावर. नळाला पाणी काही आपोआप आलं नाही. गंमत बघा, मुंबईला पाणी पाजणारा विहार तलाव गोरेगावच्या पूर्वेच्या डोंगरातच आहे. तो १८६० साली बांधून झाला. मागून १८९२ साली शहापूरकडच्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. म्हणजे शहराच्या जुन्या भागात शंभर वर्षं नळ, आणि तलावाच्या जवळच्या वस्तीत बायका हंडे घेऊन रांगेत. शहापूर तालुक्यातल्या बायकांना विचारा. मुंबईची धरणं त्यांच्या उशाला, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यांवर टँकर. पाणी कुठे आहे यापेक्षा ते कुणाकडे जायचं हे कोण ठरवतं, त्यावर सगळं असतं. ते ठरतं सभागृहात. म्हणून तिथे कोण बसतं याला महत्त्व.

१९५८ साली केशव गोरे वारले. मृणालताई तेव्हा तीस वर्षांच्या, पदरात लहान मुलगी. आपल्याकडे अशा वेळी बाईला काय सांगतात, ते आपण जाणतो. आता घर सांभाळ, बाहेरचं पुरे. मृणालताईंनी घर सांभाळलं आणि बाहेरचंही सोडलं नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि गोरेगावातून नगरसेविका झाल्या.

इथे जरा मागचं सांगतो. मुंबई पालिकेचा मुख्य कायदा १८८८ चा. तेव्हा मत द्यायचा हक्क कर भरणाऱ्यांना, घरमालकांना. तिथे बायकांना बसायला मिळावं म्हणून आधीच्या पिढीने झगडा केला. १९२३ च्या सुमारास सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले अशा बायका पालिकेत सदस्य झाल्या. सगळ्या प्रौढांना मत मिळून पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली. १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. मृणालताई आल्या तेव्हा वाट पडलेली होती, पण बायका होत्या मोजक्याच. आणि त्यांना राखीव जागा नव्हती.

आता आपल्या मैत्रिणीचा प्रश्न. निवडून आल्यावर त्यांनी केलं काय?

पहिलं म्हणजे, त्या मत मागायला ज्या वस्तीत गेल्या होत्या, त्याच वस्तीत पुन्हा गेल्या. नळ कुठे आहे, कुठे नाही, किती घरांत एक नळ, पाणी किती वाजता येतं, हे बायकांकडून समजून घेतलं. हे सगळ्यात जास्त कुणाला माहीत असतं? जी पहाटे हंडा घेऊन उठते तिला. अभियंत्याच्या नकाशावर पाइप दिसतो, पण त्यात पाणी आहे का, ते बाईला माहीत असतं.

दुसरं, ते सगळं त्यांनी सभागृहात मांडलं. नगरसेवकाच्या हातात दोन मोठ्या गोष्टी असतात. प्रश्न विचारायचा हक्क आणि अर्थसंकल्पावर बोलायचा हक्क. पैसा कुठल्या भागात किती जाणार, हे तिथे ठरतं. नगरसेवक विचारतो तेव्हा अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते कागदावर येतं. कागदावर आलेलं उत्तर घेऊन पुन्हा जाता येतं.

तिसरं, त्या सभागृहात एकट्या गेल्या नाहीत. बाहेर बायका होत्या. हंडे, कळशा घेऊन मोर्चे निघाले. रिकाम्या हंड्याचा आवाज आपल्याला माहीत आहे. घरात तो एकटीने ऐकला तर रडू येतं, पण शेकडो बायकांनी कचेरीसमोर तो केला की साहेब बाहेर येतात. आत प्रश्न आणि बाहेर मोर्चा, दोन्ही एकाच वेळी. नुसता मोर्चा असता तर निवेदन घेऊन परत पाठवलं असतं. नुसता प्रश्न असता तर फाइलीत राहिला असता.

झोपडपट्टीच्या पाण्याचा प्रश्न याहून अवघड होता. वस्ती अनधिकृत, म्हणून तिला नळ नाही, अशी तेव्हाची रीत. मृणालताईंचं म्हणणं साधं होतं. जमिनीचा कागद असो नसो, तहान सगळ्यांना सारखी लागते. त्या झोपडीत राहणारी बाई याच शहरात धुणीभांडी करते, तिचा नवरा याच शहराचे रस्ते आणि इमारती बांधतो. त्यांना पाणी नाही म्हणायचा हक्क कुणाला? या झगड्यातून गोरेगावच्या वस्त्यांत नळ आले, आणि लोकांनी त्यांना नाव दिलं, पाणीवाली बाई.

नाव साधंच आहे. पण विचार करा, पुढाऱ्यांना लोक मोठमोठ्या पदव्या लावतात. या बाईंना लोकांनी कामाचं नाव दिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या. तेव्हा राज्यात मोठा दुष्काळ होता. धान्य, तेल, रॉकेल महाग, रेशनच्या दुकानात माल नाही. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यात मृणालताई होत्या, अहिल्याताई रांगणेकर होत्या, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते होत्या. अहिल्याताईंनीही मुंबई पालिकेत बरीच वर्षं काम केलेलं. यांचे पक्ष वेगवेगळे, कुणी समाजवादी, कुणी कम्युनिस्ट. पण चुलीच्या प्रश्नावर त्या एकत्र आल्या. हजारो बायका थाळ्या आणि लाटणी वाजवत रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा म्हणतात तो हाच.

१९७५ साली आणीबाणी आली. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७ साली निवडणुका झाल्या तेव्हा त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या, आणि इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा मुंबईत घोषणा गाजली, पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में. जिने वस्तीत नळ आणला ती दिल्लीला गेली, हा लोकांचा आनंद त्या घोषणेत होता.

१९८५ नंतर त्या पुन्हा विधानसभेत होत्या, काही काळ विरोधी पक्षनेत्याही झाल्या. त्या काळातलं एक काम आपण विसरू नये. पोटातलं बाळ मुलगी आहे का हे तपासून गर्भ पाडण्याचा धंदा तेव्हा उघड चालायचा. त्याविरुद्ध स्त्री संघटना लढत होत्या. मृणालताईंनी विधानसभेत त्यावर खाजगी विधेयक आणलं. पुढे १९८८ साली महाराष्ट्राने अशा तपासणीवर बंधन घालणारा कायदा केला. देशातला तो पहिला. सगळ्या देशासाठी कायदा आला तो १९९४ साली.

आणि शेवटचं मोठं काम घरांचं. कमाल जमीन धारणा कायद्याखाली शहरातली जादा जमीन सरकारकडे यायची होती. ती सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्या आणि त्यांचे सहकारी झगडले. त्यातून नागरी निवारा परिषदेने गोरेगाव पूर्वेला सहा हजारांहून जास्त घरं उभी केली. १७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, गोरेगावची गोष्ट आम्हाला कोनला बसून कशाला?

मैत्रिणींनो, जरा दाराबाहेर बघा. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालं की आपलं गाव लागतं. भाताच्या खाचरांच्या जागी आता मजल्यांवर मजले आहेत. मुंबईच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी २०१६ साली जी सोडत निघाली, त्यातली २४१७ घरं कोनमधलीच. गिरणगावातलं माणूस घर शोधत आपल्या गावापर्यंत आलं. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा धरून आजूबाजूची २९ गावं तिच्यात गेली. २०१७ साली पहिली निवडणूक झाली, ७८ नगरसेवक निवडले गेले, त्यात निम्म्या बायका. पहिल्या महापौर डॉ. कविता चौतमोल, त्याही बाईच.

कोन अजून ग्रामपंचायतीतच आहे. पण गोरेगावही एके काळी ग्रामपंचायतीतच होतं. शहर जवळ येतं तेव्हा जमिनीचा भाव वाढतो, त्याची चर्चा चावडीवर होते. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, कचरा कुठे टाकणार, दवाखाना आणि शाळा कुठे होणार, त्याची चर्चा कोण करणार? गोरेगावात ती केली एका बाईने, आणि तिच्या मागे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी.

मृणालताईंना राखीव जागा नव्हती. आपल्याला आहे. १९९३ पासून घटनेनेच एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. पण खरं बोलायचं तर काय दिसतं? खुर्चीवर बाई, फोनवर नवरा. मिटिंगला दीर, सहीला वहिनी. "मॅडम घरी आहेत, काय ते मला सांगा," हे वाक्य आपण किती ऐकलंय. सगळीकडे असं नाही, चांगल्या सरपंच बायाही आम्ही पाहिल्यात. पण जिथे असं आहे तिथे दोष एकट्या त्या बाईवर टाकू नका. तिला आपण निवडून दिली आणि एकटी सोडली. मृणालताईंच्या मागे मोर्चा होता, हिच्या मागे कोण आहे?

म्हणून आपल्या मैत्रिणीला आम्ही जे उत्तर दिलं, ते तुम्हालाही सांगतो. निवडून आल्यावर सही करायची, पण वाचून. कळलं नाही तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारायचं, पुन्हा विचारायचं, लाजायचं नाही. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि त्या प्रत्येक ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. ती महिला सभा नुसती हजेरीच्या वहीत होऊ द्यायची नाही. तिथे पाण्याचं बोलायचं, गटाराचं बोलायचं, काय ठरलं ते लिहून घ्यायचं, आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं.

आणि आपण बाकीच्यांनी काय करायचं? तिच्याबरोबर जायचं. बचत गटाच्या बैठकीला आपण वेळ काढतो, तसाच वेळ महिला सभेला काढायचा. दहाजणी जाऊन शेजारी बसल्या की तिचा आवाज फुटतो.

ती मैत्रीण काय म्हणाली, ऐका. म्हणाली, "मग मी एकटी नाही उभी राहणार. तुम्ही सगळ्या उभ्या राहणार असाल तर फॉर्म भरते."

आम्ही हो म्हटलंय. आता शब्द पाळायचा आहे.

तुमच्या गावात महिला सभा होते का, आणि शेवटची कधी झाली, ते शेजारणीला आजच विचारा. ठाऊक नाही म्हणाली, तर दोघी मिळून ग्रामपंचायतीत जा आणि विचारा. पुढच्या वेळी भेटू, तेव्हा काय उत्तर मिळालं ते आम्हाला सांगा. नमस्कार.