@ आलं कुठून? टेकिन्फोची कुळकथा

ग्नू प्रकल्पातल्या एखाद्या प्रोग्रॅमचा सोर्स उतरवून ‘मेक इन्स्टॉल’ म्हटलं की प्रोग्रॅमसोबत त्याची माहितीपुस्तिकाही यंत्रावर जाऊन बसते. पुस्तिकेच्या फायली ‘इन्फो’ नावाच्या फोल्डरात पडतात आणि ‘इन्स्टॉल-इन्फो’ हा छोटा प्रोग्रॅम ‘डिर’ नावाच्या सामाईक अनुक्रमणिकेत एक ओळ वाढवतो. ही ओळ लेखकानंच मूळ फायलीत ‘@डिरएन्ट्री’ आणि ‘@एन्ड डिरएन्ट्री’ यांच्यामध्ये लिहून ठेवलेली असते. त्या फायलीत ‘@नोड’, ‘@चॅप्टर’, ‘@कोड’ अशा आज्ञा पानोपानी दिसतात आणि प्रत्येकीच्या कपाळावर तेच ॲटचं चिन्ह असतं. हे चिन्ह ज्या घरातून आलं, त्या घराशी ग्नूचं हाडवैर होतं. पुस्तिका बांधण्या-बसवण्याचे ग्नूचे नियमही त्या वैराची खूण अंगावर वागवतात, असं माझं मत आहे.

युनिक्सची मदतपानं, म्हणजे मॅन पानं, 1971 सालची आणि प्रोग्रॅम बांधणारं-बसवणारं बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांचं मेक 1976चं, हे सर्वज्ञात आहे. खरी गोष्ट सुरू होते कार्नेगी मेलन विद्यापीठात. 1970च्या दशकात तिथे ब्रायन रीड यांनी ‘स्क्राइब’ नावाचा दस्तऐवज मांडणारा प्रोग्रॅम लिहिला. हा मजकूर जाड करा, तो इतका आत सरकवा, असं न सांगता लेखकानं फक्त ‘हे प्रकरण’, ‘ही यादी’ एवढंच म्हणावं आणि मांडणी यंत्रावर सोडावी, ही त्यातली मोठी कल्पना. असं म्हणण्याची खूण होती @. पुढे रीड यांनी स्क्राइब युनिलॉजिक या कंपनीला विकला आणि फुकट नक्कल केलेली प्रत 90 दिवसांनी आपोआप बंद पडावी अशी तरतूद त्यात केली. एमआयटीतल्या आणि पुढे ग्नू प्रकल्प सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा ‘टाइम बाँब’ मानवतेविरुद्धचा गुन्हा वाटला, आणि तसं ते उघडपणे म्हणाले. तेच स्टॉलमन एमआयटीतल्या बोलिओ आणि त्यावरून निघालेल्या बोटेक या मांडणीपद्धतींवर काम करत होते. बोटेकमधून फक्त छापील प्रत निघे. पडद्यावर वाचायची ‘इन्फो’ ही रचना स्टॉलमन यांचीच. दोन्हींचा संसार जुळवून त्यांनी एकाच मूळ फायलीतून कागदावरची आणि पडद्यावरची अशा दोन्ही प्रती काढणारी टेकिन्फो घडवली. (उच्चार ‘टेक्सइन्फो’ नव्हे, हे तिच्या पुस्तिकेतच बजावलं आहे.)

आता आक्षेप. पहिला असा की @ ही निव्वळ सोय होती. छापील प्रत मांडणाऱ्या टेक या प्रोग्रॅमची आज्ञा उलट्या तिरक्या रेघेनं सुरू होते आणि सी भाषेच्या पुस्तिकेत ती रेघ जागोजागी लागते, म्हणून दुसरं चिन्ह घेतलं. हे खरं आहे, पण त्यातून रेघ का टाकली एवढंच कळतं, @ का उचललं हे कळत नाही. कीबोर्डावर मोकळी चिन्हं इतरही होती. दुसरा आक्षेप असा की टेकिन्फोचे पूर्वज बोलिओ आणि बोटेक, मग स्क्राइबला श्रेय कशाला? तर टेकिन्फोची स्वतःची पुस्तिकाच आपला इतिहास सांगताना स्क्राइबपर्यंत मागे जाते आणि दोघांचं @ सारखं असल्याची नोंद करते. स्क्राइबमधली यादी ‘@एन्ड’नं मिटते, टेकिन्फोतलीही ‘@एन्ड’नंच मिटते. एकटं चिन्ह योगायोगानं जुळेल, चिन्हासकट शब्द आणि त्याचं काम जुळणं अवघड. शिवाय शोधनिबंधांची संदर्भसूची करणाऱ्या बिबटेकमधलं ‘@आर्टिकल’ही स्क्राइबच्याच वळणाचं आहे. म्हणजे त्या काळी @ची ही चाल स्क्राइबचीच म्हणून ओळखीची होती.

चिन्ह घेतलं, पण ज्या कुलपासह ते आलं होतं ते नाकारलं, असा माझा तर्क आहे. ग्नूची नियमावली सांगते की इन्फो फायली लेखकानंच बांधून सोर्सच्या गठ्ठ्यात घालाव्यात आणि मेकनं त्या सोर्सच्याच फोल्डरात ताज्या ठेवाव्यात. त्यामुळे प्रोग्रॅम बसवणाऱ्याकडे टेकिन्फोचं इन्फोत रूपांतर करणारा ‘मेकइन्फो’ नसला तरी पुस्तिका वाचता येते. हीही निव्वळ सोयच, असं कुणी म्हणेल. मॅन पानं बसवणाऱ्या आज्ञेआधी तीच नियमावली एक आडवी रेघ लिहायला सांगते, म्हणजे यंत्रावर मॅनची व्यवस्था नसेल आणि आज्ञा फसली तरी मेक अडत नाही. तिथे हेतू सोयीचाच आहे, हे मान्य. पण इन्फोच्या बाबतीत वाचायची तयार प्रत आणि बदलायची मूळ प्रत, दोन्ही एकाच गठ्ठ्यात येतात, आणि तयार प्रतीला मुदत नसते. 2000 साली आलेल्या ग्नूच्या मुक्त दस्तऐवज परवान्यानं हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आणली. शंभराहून जास्त ‘अपारदर्शक’ प्रती वाटणाऱ्यानं ‘पारदर्शक’ मूळही उपलब्ध करून द्यावं, आणि अशा मूळ रूपांच्या उदाहरणांत टेकिन्फोचं नाव आहे. इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: हे कलम व्यापारी प्रकाशकांच्या बंदिस्त पुस्तिकांना उत्तर म्हणून आलं, त्याचा स्क्राइबशी काय संबंध? या कलमापुरता तो मान्य करायला हवा. पण त्याच परवान्यात दुसरी अट आहे: प्रत वाचण्यात किंवा तिची पुढे नक्कल करण्यात तांत्रिक अडथळा आणू नये. छापील पुस्तक विकणारा प्रकाशक वाचकापुढे असा अडथळा उभा करत नाही. 90 दिवसांचं घड्याळ लावलेला दस्तऐवजांचा प्रोग्रॅम नेमका तोच उभा करतो.

टेकिन्फोची फाइल उघडली की ही वंशावळ पहिल्या दोन-तीन ओळींतच दिसते. पहिल्या ओळीत टेकची तिरकी रेघ एकदाच येते, ‘\इनपुट टेकिन्फो’. ती ओळ वाचून टेक आपली आज्ञाखूण बदलतो आणि तिथून पुढे @चं राज्य सुरू होतं. फायलींचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम आधी ईमॅक्स लिस्पमध्ये होता, मग ब्रायन फॉक्स यांनी तो सीमध्ये लिहिला, आणि आता तो पर्लमध्ये आहे. फायलीची शेवटची ओळ मात्र अजूनही ‘@बाय’ हीच आहे.