तुरीच्या दाण्यांतील इतिहास



धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान यानें १५६७ सालीं बांधला. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळांत, १६३१ सालीं, तो मोंगलांनीं जिंकला. ही हकीकत तवारिखांत सांपडते. परंतु दुष्काळांत राखलेलें बियाणें खाल्लें जातें आणि पुढील मृगास परगांवचें बीं पेरावें लागतें. त्या स्थित्यंतराची नोंद कोणत्या बखरींत आहे? ती दाण्यांतच लिहिलेली असते, आणि ती वाचण्याची विद्या अलीकडे मानवास साध्य झाली आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी.एन.ए. नांवाचा लांबच लांब धागा असतो. त्याची लिपि अवघ्या चार अक्षरांची. कांहीं ठिकाणीं दोन-तीन अक्षरांचा एकच शब्द वारंवार येतो. एका झाडांत समजा दहा वेळां, तर शेजारच्या झाडांत चौदा वेळां. अशा खुणेस मार्कर म्हणतात. कोंवळ्या पानांतून डी.एन.ए. काढून त्या खुणेपुरत्या तुकड्याच्या असंख्य नकला करतात आणि एका लिबलिबीत थरांतून विजेच्या प्रवाहानें त्या पुढें सरकवितात. आखूड तुकडे पुढें धांवतात, लांब मागें राहतात. त्यांचे पट्टे ताडून पाहिले म्हणजे दिसावयास सारख्या असणाऱ्या दोन झाडांचें नातें किती जवळचें, हें कळतें.

तुरीच्या बाबतींत याचें महत्त्व विशेष आहे. मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात; त्यामुळें घरचें बीं राखणाऱ्याच्या एकाच शेतांत नाना वंशांचीं झाडें नांदतात. २०११ सालीं ‘आशा’ या वाणाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत ४८,६८० जनुकें असावींत असा अंदाज निघाला. २०१७ सालीं गांवठी वाण, सुधारलेले वाण व रानटी जाती मिळून २९२ नमुन्यांचा अभ्यास पुढें आला. रानटी भाईबंदांच्या मानानें शेतांतील तुरीचें वैविध्य फारच थोडें आहे, ही गोष्ट अशा संशोधनांतून स्पष्ट झाली आहे.

यांत धोका कोणता? १९७० सालीं अमेरिकेंत मक्याचें सुमारें १५ टक्के पीक एका बुरशीनें बुडविलें, कारण बहुतेक मका एकाच मातृवंशाचा होता. आपल्या तुरीसही मर आणि वांझ रोग हे दोन वैरी आहेत. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बी.एस.एम.आर. ७३६ हा वाण दोहोंस दाद देत नाहीं. परंतु असा गुण पैदासकार शून्यांतून निर्माण करीत नाहीं. तो कोठल्या तरी बियांत आधीं असावा लागतो. तें बींच नष्ट झालें, तर उद्यां नवा रोग आल्यावर शोधावयाचें कोठें?

हैदराबादजवळ पाटणचेरू येथील बीजकोशांत तुरीचे १३,००० हून अधिक नमुने शीतगृहांत सुरक्षित आहेत. तथापि तेथील बीं पावसाळे पाहत नाहीं. बदलत्या ऋतूंशीं झुंजत तें घडतें शेतांतच. आपण शहरवासी तांबड्या-पांढऱ्या तुरीची साल गेलेली एकसारखी पिवळी डाळ शिजवितों, म्हणून हा भेद आपल्या नजरेस येत नाहीं. मार्कर तो दाखवून देईल. पण बीं राखण्याचें काम त्याचें नव्हे. बालाघाटावरील ज्या घरांत अजून जुनें बीं आहे, तेथें तें पेरलें जावें व त्यास ग्राहक मिळावा, हें पाहणें आपल्या हातीं आहे.